काळी मुसळी दरवर्षी गायब होते? आधी तारीख बघा, मग कंद

तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. जूनमध्ये काळी मुसळी फुटली, जुलैत दोन-चार पिवळी फुले दिसली, दिवाळीपर्यंत पाने हिरवी होती, संक्रांतीच्या सुमारास वाळली आणि आता कुंडीत नुसती माती आहे. पाणी वाढवले, खत घातले, तरी काही नाही. मग पुढच्या पावसात नवे रोप आणायचे आणि पुन्हा हेच.

यात झाडाचे काहीच बिघडलेले नव्हते. बिघडले ते पाणी वाढवल्यावर.

काळी मुसळी, म्हणजे कर्क्युलिगो ऑर्किऑयडिस, ही बहुवर्षायू वनस्पती आहे. पण तिचे वर्षानुवर्षे टिकणारे अंग जमिनीखाली असते. वर दिसतो तो पावसाळ्यापुरता पानांचा झुबका, जेमतेम वीतभर ते हातभर उंच. खाली उभा, मुसळासारखा सरळ कंद असतो. नाव त्यावरूनच पडले. बाहेरून काळपट तपकिरी, आत पांढरा आणि बुळबुळीत, आणि बाजूंनी जाड मांसल मुळे. उघड्या माळावर, डोंगरउतारावर किंवा विरळ झाडीत पाऊस संपून माती सुकली की पाने जातात, कंद झोपतो आणि पुढच्या पावसाने पुन्हा कोंब वर येतो. सावलीच्या, शिंपण्याच्या पाण्याने ओल टिकणाऱ्या कोकणातल्या बागेत मात्र काही झुबके बारमाही हिरवे राहतात. त्यामुळे शेजाऱ्याची हिरवी आणि आपली वाळलेली, एवढ्यावरून आपली मेली असे ठरवू नये.

तारखेवरून निदान

कुंडीत काही दिसत नाही, ही तक्रार जानेवारी ते मे या काळातली असेल तर काहीही करू नका. निदान रोज झारी तरी हातात घेऊ नका. झोपलेल्या कंदाला पाने नसतात, म्हणजे पाणी वर खेचून बाहेर टाकणारे काही नसते. रोज ओतलेले पाणी तसेच मातीत साचते, मार्च-एप्रिलच्या गरम मातीत बुरशीला आयते रान मिळते आणि कंद टोकाकडून कुजत वर येतो. वरून काहीच कळत नाही, कारण वर बघायला काही नसतेच. काळी मुसळी सगळ्यात जास्त मरते ती याच, डोळ्यांआडच्या पाच महिन्यांत.

जमिनीतल्या कंदाला या काळात पाणी लागत नाही. कुंडीतल्याला थोडे लागते, कारण कुंडीची माती चहूबाजूंनी तापते आणि कंद सुरकुततो. तीन-चार आठवड्यांतून एकदा, १० इंची कुंडीला एखादा पेला, तोही संध्याकाळी आणि कडेकडेने. कुंडी भिंतीच्या सावलीत सरकवावी आणि वर दोन बोटे वाळलेल्या पाल्याचा थर द्यावा. थाळी काढून टाकावी. मुसळीच्या कुंडीखाली थाळी कुठल्याच महिन्यात नको.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाने अजून हिरवी असतात तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी पुरते. पाने टोकाकडून पिवळी पडू लागली की पंधरा दिवसांवर आणावे आणि पूर्ण वाळली की वर सांगितलेल्या उन्हाळी बेताने चालावे. पिवळी पडणारी पाने ओढून उपटू नयेत. त्यांतला साठा कंदात उतरत असतो, आणि ओढताना कधीकधी कोंबाच्या डोळ्यासकट माथाच हातात येतो.

जूनमध्ये चांगला पाऊस होऊन माती वीतभर खोल भिजली की साधारण एक ते चार आठवड्यांत कोंब दिसतो. वळवाच्या एखाद्या सरीने फुटेलच असे नाही. जुलैच्या मध्यापर्यंत वाट पाहावी. त्यानंतरही काही नसेल तर मात्र उकरून बघायलाच हवे.

नखाची परीक्षा

कंद पूर्ण उपटायचा नाही. खुरप्याने एका बाजूने माती सरकवायची, वरचे दोन इंच उघडे करायचे आणि बोटांनी दाबून बघायचे. मग माथ्यापासून सुमारे एक सेंटिमीटर खाली, डोळा सोडून, नखाने साल किंचित खरवडायची.

आत पांढरे आणि चिकट बुळबुळीत लागले तर कंद जिवंत आहे. माती परत सारून ठेवा आणि आणखी तीन आठवडे विसरून जा. दाबल्यावर पोकळ, भुसभुशीत लागला, आत तपकिरी भुसा असेल आणि वास नसेल तर तो सुकून गेला आहे. मऊ, पाणथळ, तपकिरी आणि कुबट वासाचा असेल तर कूज. सालीवर पांढरे धागे आणि मोहरीसारखे बारीक तपकिरी दाणे दिसले तर बुरशी मातीत वस्तीला आली आहे. त्या मातीत पुढच्या वर्षी दुसरा कंद लावू नये.

कूज अर्ध्यावर असेल तर कंद वाचतो. ती बहुतेक वेळा खालच्या टोकाकडून सुरू होते आणि माथा अजून पांढरा असतो. धारदार सुरी चुलीवर तापवून किंवा स्पिरिटने पुसून घ्यावी आणि आत स्वच्छ पांढरे लागेपर्यंत काप घेत जावे. प्रत्येक कापाआधी सुरी पुन्हा पुसावी. हे लोक टाळतात, आणि शेवटच्या चांगल्या कापात कूज स्वतःच्या हाताने पेरतात. उरलेल्या तुकड्याच्या कापावर चाळलेली लाकडी राख लावून सावलीत दोन-तीन दिवस ठेवावे. काप कोरडा, कडक झाला की जेमतेम ओलसर जाड वाळूत उभा लावावा. कोंब फुटून दोन पाने येईपर्यंत खत नाही, शेणखतही नाही.

कूज दरवर्षीच होत असेल तर

मग दोष मातीचा आहे. काळ्या मातीत ही तक्रार जास्त. पावसात ती माती फुगून हवा बंद करते आणि उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा कंदाची मांसल मुळे तुटतात. पुढच्या पावसात त्याच जखमांतून कूज शिरते. अशा ठिकाणी सपाटीवर लावूच नये. २० ते ३० सेंटिमीटर उंच गादीवाफा करावा आणि त्यात मूळ मातीच्या निम्मी जाड वाळू व निम्मे कुजलेले पानखत मिसळावे.

कुंडीसाठी दोन भाग तांबडी किंवा जांभी माती, एक भाग पानखत, एक भाग जाड वाळू. बांधकामाची बारीक वाळू चालत नाही. ती मातीत मिसळली की माती सैल होण्याऐवजी घट्ट बसते. कोकोपीटचे प्रमाण फार ठेवू नये; वरून कोरडे आणि आत चिंब, ही त्याची खोड मुसळीला मानवत नाही. शेणखत पूर्ण कुजलेले, काळे, वास नसलेले हवे. १०० किलो शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी), म्हणजे घरगुती मापाने किलोला १० ग्रॅम, मिसळून सावलीत आठ-दहा दिवस ओलसर ठेवले आणि मग वापरले तर बुरशीला आधीच पहारेकरी बसतो. त्याच आठवड्यात रासायनिक बुरशीनाशक ओतू नये. पहारेकऱ्यालाच मारल्यासारखे होते.

कुंडी रुंद नको, खोल हवी. कंद सरळ खाली जातो, जुन्या झाडात तो फूटभर लांब झालेला मिळतो. ६ इंची उथळ कुंडीत तो तळाला टेकतो आणि नेमका जिथे पाणी साचते तिथे त्याचे टोक येते. किमान २५ ते ३० सेंटिमीटर खोली ठेवावी.

लावला, पण फुटलाच नाही

पहिला प्रश्न: कंद कुठून आणला? काष्ठौषधीच्या दुकानात काळी मुसळी म्हणून जे तुकडे मिळतात ते वाळवलेले असतात. ते औषधासाठी ठीक असतील, लावण्यासाठी मेलेले आहेत. भिजत घालून, गोमूत्रात बुडवून किंवा कुठल्याही संजीवकाने ते फुटत नाहीत.

ताजा कंद असूनही फुटला नाही तर तुकडा कसा कापला ते बघावे. लावणीला १.५ ते २ सेंटिमीटर लांबीचे तुकडे घेतात. माथ्याचा, डोळा असलेला तुकडा सगळ्यांत आधी आणि हमखास फुटतो, मधले तुकडे उशिरा, शेपटाकडचे काही फुटतच नाहीत. सगळे एकाच वाफ्यात मिसळून लावले की निम्मा वाफा रिकामा दिसतो आणि लोक महिन्याभरात सगळाच उकरतात. माथे वेगळ्या ओळीत आणि मधले तुकडे वेगळ्या ओळीत लावले तर हा गोंधळ होत नाही. कापताना प्रत्येक तुकड्याच्या खालच्या टोकाला थोडी राख लावून ठेवावी, म्हणजे लावताना वर-खाली कळते. उलटा लावलेला तुकडा फुटायला उशीर करतो.

खोली २ ते ३ सेंटिमीटर, अंतर १० बाय १० सेंटिमीटर. एक चौरस मीटर वाफ्याला सुमारे १०० तुकडे लागतात. लावणी पावसाच्या तोंडाशी करावी. ऑगस्टमध्ये लावलेला तुकडा फुटतो, पण झोपेची वेळ येईपर्यंत त्याच्याकडे साठा जमत नाही आणि दुसऱ्या वर्षी तो उठतच नाही.

फुले येत नाहीत. की दिसत नाहीत?

बहुतेक वेळा फुले आलेली असतात आणि कोणी पाहिलेली नसतात. मुसळीला उंच दांडा नसतो. फुलाचा देठ पानांच्या बुंध्यात दडलेला असतो, बीजकोश तर जमिनीच्या पातळीवर किंवा मातीखालीच असतो. तिथून एक बारीक, केसाळ मान वर येते आणि तिच्या टोकाला सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी उमलते, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची. एका वेळी एखाद-दुसरीच. सकाळी टवटवीत, दुपार उलटली की मिटायला लागते. संध्याकाळी कामावरून आल्यावर बाग बघणाऱ्याला ती भेटण्याचा संभव कमी.

तेव्हा पहिला पाऊस लागल्यापासून पुढचे सहा-सात आठवडे, सकाळी नऊच्या आत, पाने हाताने बाजूला सारून बुंध्याशी बघावे. बुंध्यावर पाल्याचा जाड थर असेल तर चार बोटांचे वर्तुळ मोकळे करावे, नाहीतर कळी आच्छादनातच कुजते. उन्हाळ्यातला थर पहिल्या पावसाला मागे ओढायचा, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते.

खरोखरच फुले नसतील तर तीन कारणे तपासावीत. तुकडा पहिल्याच वर्षाचा असेल तर तो आधी अंग धरतो, फुलतोच असे नाही. दाट सावली असेल तर पाने लांब, लोळणारी, गडद हिरवी होतात आणि फुले घटतात. मुसळीला साधारण पाव भाग सावली मानवते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात ५० टक्क्यांचे शेडनेट ठीक, कोकणात आंब्या-काजूच्या कडेची विरळ सावली पुरे. तिसरे कारण युरिया. पाने बघून खूश व्हायचे असेल तर युरिया घाला. फूल आणि कंद हवा असेल तर लावणीआधी चौरस मीटरला २ किलो कुजलेले शेणखत घालून थांबा.

फुले येतात पण फळ धरत नाही, हीसुद्धा नेहमीची शंका. एका देठावर खालची फुले द्विलिंगी आणि वरची बहुधा नुसती नर असतात. वरच्या फुलांना फळ धरणारच नाही, त्यात दोष नाही. जे धरते ते मातीत, पानांच्या बुंध्याशी असते. त्याला लांब चोच असते आणि आत एक ते चार काळ्या, चकचकीत, नागमोडी खाचांच्या बिया. फूल सुकल्यावर वरच्या वर शोधणाऱ्याला त्या कधीच मिळत नाहीत. मिळाल्या तरी बियांवर भरवसा ठेवू नये, उगवण फार कमी आणि अनियमित असते. पेरायच्या असतील तर ताज्या, काढल्या काढल्या पेराव्यात.

बियांपेक्षा सोपा मार्ग झाड स्वतःच दाखवते. लांब पान वाकून त्याचे टोक ओल्या मातीला टेकले की त्या टोकाला मुळे फुटतात आणि तिथे नवे पिल्लू तयार होते. जुलैच्या सुरुवातीला बाहेरचे, निरोगी, पिवळे न पडलेले पान वाकवावे, टोकाचा दोन सेंटिमीटर भाग पानखत-वाळूने भरलेल्या छोट्या पिशवीत टेकवून तारेच्या आकड्याने दाबावा. टोक पूर्ण पुरायचे नाही. दीड-दोन महिन्यांनी हलके ओढून बघावे. धरून ठेवले तर मुळे आली. मूळ पान हिरवे असेपर्यंत नाळ तोडायची घाई नको. या पद्धतीत मूळ कंदाला सुरी लागत नाही, म्हणजे कुजीचा धोका नाही. एकच झाड असलेल्याने तरी हाच मार्ग धरावा.

मुळात ती काळी मुसळीच आहे का?

वरचे सगळे करूनही पिवळे फूल येत नसेल तर हा प्रश्न विचारावा, आणि खरे तर रोप आणतानाच विचारावा. रोपवाटिकेत नुसते ‘मुसळी’ लिहिलेली पिशवी निम्म्या वेळा सफेद मुसळीची निघते.

सफेद मुसळीचे, म्हणजे क्लोरोफायटम बोरिव्हिलिआनमचे, शास्त्रीय नाव आपल्या मुंबईच्या बोरिवलीवरून आलेले आहे. पावसाळ्यात फोडशी किंवा कुलू म्हणून जी भाजी खातात तीही याच कुळातल्या भावंडांची. यांची पाने गुळगुळीत, पन्हाळीसारखी, केस नसलेली. फुले पांढरी, उंच दांड्यावर. खाली एकच उभा कंद नसून बोटांसारख्या मुळांचा घोस असतो. काळ्या मुसळीच्या पानावर मात्र पंख्यासारख्या लांब उभ्या घड्या असतात आणि उजेडासमोर धरले तर विरळ, लांब, मऊ केस दिसतात. संस्कृतात तिला तालमूली म्हणतात. घडीदार पाने बघून ताडाची आठवण यावी असेच ते रूप आहे.

म्हणूनच ताडकुळातल्या रोपांशी घोळ होतो. शिंदीचे कोवळे रोप पहिल्या वर्षी असेच एकटे, घडीचे पान घेऊन उभे असते. ते हाताला ताठ आणि टोकाला टोचरे लागते. बाजूची माती सरकवली तर खाली खारकेच्या बीसारखी बी चिकटलेली सापडते. जमिनीवर उगवणाऱ्या काही आमरींची पानेही घडीदार असतात, ‘ऑर्किऑयडिस’ म्हणजे आमरीसारखी हे नाव उगीच पडलेले नाही. आमरीच्या पानावर केस नसतात आणि बुंधा गाठीसारखा फुगलेला असतो. गवताशी घोळ झाला तर पान जिथे खोडाला बिलगते तो सांधा उलगडून बघावा. गवताला तिथे पातळ पडदा किंवा केसांची ओळ असते, मुसळीला नसते.

पिवळी चांदणी असूनही झाड वेगळे असण्याचा एक पक्का प्रकार आहे: हायपॉक्सिस ऑरिया. त्याच कुळातली ही धाकटी बहीण सह्याद्रीतल्या गवताळ जागी पावसाळ्यात दिसते. फूल इतके सारखे, की फक्त फुलाच्या फोटोवरून ओळख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. फरक खाली आहे. हायपॉक्सिसचे पान गवतासारखे अरुंद, दोन ते सहा मिलिमीटर. मुसळीचे एक ते अडीच सेंटिमीटर. हायपॉक्सिसच्या फुलाला खरा, केसाळ दांडा असतो आणि बीजकोश फुलाला लगटून हवेत असतो. मुसळीचा बीजकोश बुंध्यात असतो आणि वर येते ती फक्त मान. हायपॉक्सिसचा कंद वाटोळी गाठ, मुसळीचा उभा दांडका. फोटो काढायचा तर एक फुलाचा, एक पानाच्या पाठीचा आणि एक बुंध्याचा, नाणे शेजारी ठेवून.

सोनकी आणि कवल्याशी गल्लत फक्त नावापुरती होते, कारण पठारावरचे दिसेल ते पिवळे फूल सोनकी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. सोनकीचे प्रत्येक ‘फूल’ सूर्यफुलासारखा अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो, कवल्याचे वाटाण्याच्या फुलासारखे. दोन्ही एका हंगामात संपणाऱ्या, आणि त्यांचा बहर पावसाळ्याच्या उतरत्या काळात. मुसळी त्यांच्या आधी, पावसाच्या सुरुवातीला फुलून मोकळी होते. इथेही तारीख कामी येते.

आणि एक सावधगिरीची. अनोळखी कंदाची ओळख चवीवरून करू नये. कळलावीचा कंदही त्याच जागी, त्याच मोसमात खणताना हाती येतो आणि तो जीवघेणा विषारी आहे. कळलावीची पाने बुंध्यातून न निघता खोडावर असतात आणि पानाचे टोक ताणव्यासारखे गुंडाळलेले असते. मुसळीचे टोक वळते ते मातीला टेकायला. औषध म्हणूनही घरचा कंद उगाळून घेऊ नये. मात्रा वैद्याने ठरवायची.

पानांच्या किरकोळ तक्रारी

टोके करपणे: कुंडीत बोअरचे क्षारयुक्त पाणी किंवा दुपारचे थेट ऊन. पावसाचे साठवलेले पाणी द्या, कुंडी सरकवा. ऑक्टोबरनंतरचे करपणे हे करपणे नसून झोपेची तयारी असते.

कोवळ्या पानांना रातोरात अर्धगोल चट्टे आणि वाफ्यावर चकाकणारी रेघ: गोगलगाय. संध्याकाळी ओले गोणपाट पसरून ठेवावे, सकाळी उलटून त्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ वाफ्यावर टाकू नये.

पाने एका बाजूने अचानक सुकली आणि झुबका हलवल्यावर डुलला: हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळे खाणारी पांढरी अळी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ती येते. उकरून वेचणे हाच घरगुती उपाय.

माळावर, बागेत लावली असेल तर

कलमांच्या बागेत गवत कापताना मुसळी पहिल्याच फेरीत जाते. जुलैत ग्रासकटरने पाने उडाली तर कंद साठ्यातून पुन्हा पाने काढतो. सप्टेंबरमध्ये पुन्हा उडाली की दुसऱ्या वर्षी झुबका निम्मा होतो आणि तिसऱ्या वर्षी दिसत नाही. म्हणून मुसळीच्या पट्ट्यात गवत हाताने, विळ्याने आणि वीतभर उंची राखून कापावे. पहिली कापणी फुले संपल्यावर, दुसरी पाने पिवळी पडल्यावर. ग्लायफोसेटसारखे पानांतून मुळाशी जाणारे तणनाशक त्या पट्ट्यात अजिबात नको. मुसळीला ते गवताइतकेच लागू पडते. पाने नसताना जागा ओळखू यावी म्हणून प्रत्येक झुबक्याशेजारी बांबूची खुंटी ठोकावी, नाहीतर एप्रिलमध्ये कोणीतरी नेमका तिथेच खड्डा घेतो.

रानातून कंद खणून आणू नये. राखीव वनात आणि अभयारण्यात तो गुन्हा आहेच, शिवाय खणण्याने ही मुसळी अनेक ठिकाणी विरळ झाली आहे. ओळखीच्या बागेतून पानाच्या टोकाचे पिल्लू मागावे. देणाऱ्याचे त्यात काही जात नाही.

कंदासाठीच लावली असेल तर काढणी लावणीनंतर सात-आठ महिन्यांनी, पाने वाळल्यावर. आधी काढलेला कंद पाणचट असतो आणि वाळल्यावर फार घटतो. खणताना माथ्याचा दोन सेंटिमीटरचा तुकडा त्याच दिवशी वेगळा काढून कोरड्या वाळूत, सावलीत, हवा खेळेल अशा टोपलीत ठेवावा. पुढच्या जूनची लावणी त्यातून होते. प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्यास महिन्याभरात घाम धरून कुजतो. रानाला लागून बाग असेल तर डुक्कर आणि साळिंदर काढणीच्या आठवडाभर आधी येऊन जातात. कुंपणाची खालची जाळी फूटभर मातीत गाडलेली नसेल तर ती असून नसल्यासारखी.